छपराखालचं ओलं रान

विषुववृत्ताजवळच्या घनदाट रानात उंच झाडांच्या पायाशी वाढणाऱ्या झाडांची अडचण दुहेरी असते. वरून उजेड जेमतेम पोचतो आणि पाणी मात्र सतत गळत राहतं. तिथली पानं एवढी रुंद का, त्यांची टोकं लांबट का, काही पानं मखमली का दिसतात, काहींना भोकं का असतात, हे प्रश्न बहुतेक वेळा या दोन गोष्टींपाशीच येऊन थांबतात. म्हणून अशा झाडांच्या फोटोबाबत माझा आग्रह एकच आहे: पान ज्या कामासाठी तसं घडलं आहे, ते काम फोटोत दिसावं. ते काम कळलं की उजेड कुठून घ्यायचा, कॅमेरा कुठल्या उंचीवर धरायचा, फिल्टर लावायचा की काढून ठेवायचा, हे ठरवणं सोपं होतं.

नाशिकची हवा या झाडांना मुळात मानवत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंची, एप्रिल-मेमध्ये दुपारची कोरडी झळ, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली. निफाडकडे तर कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात. मॉन्स्टेरा, कॅलॅथिया, अँथुरियम, फिलोडेंड्रॉन ही मंडळी इथं तग धरतात ती छपराखालीच. लंडनच्या क्यू उद्यानातलं पाम हाऊस १८४४ ते १८४८ या काळात बांधलं गेलं. लोखंडाच्या कमानी आणि काच यांचं ते घर तिथल्या थंडीपासून ताडमाड वाचवण्यासाठी होतं. आपल्याकडे थंडीइतकाच कोरडेपणा शत्रू असतो. त्यामुळे नाशिकमध्ये काचेऐवजी पॉलिथिनचं छप्पर, हिरवी जाळी, धुक्यासारखा बारीक फवारा उडवणारे फॉगर आणि बाजूचे गुंडाळता येणारे पडदे दिसतात. गुलाब आणि जरबेराची पॉलिहाऊस तालुक्यातालुक्यात आहेत, आणि शहराच्या कडेच्या रोपवाटिकांमध्ये घरात ठेवायच्या झाडांसाठी एक तरी शेडनेट असतंच. पांडवलेणीच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानातली झाडं उघड्यावरची, तिथला उजेड निराळा आणि तिथली छायाचित्रणाची रीतही निराळी. हा लेख छपराखालच्या झाडांपुरता आहे.

अशा ठिकाणी जायचं ते आधी विचारून. पॉलिहाऊस ही कुणाची तरी शेती असते. दारात पाय बुडवायचं जंतुनाशक पाणी ठेवलेलं असेल तर त्यात पाय बुडवूनच आत जावं, दुहेरी दार असेल तर पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडू नये. फवारणी कधी झाली हे विचारायलाच हवं. फवारणी झालेल्या दिवशी आत जाऊ नये, पानं सुकलेली दिसली तरीही. कपडे गडद आणि भडक नसलेले घालावेत. पांढऱ्याशुभ्र किंवा लाल शर्टाचं प्रतिबिंब गुळगुळीत पानावर स्पष्ट उमटतं. पिवळा रंग तर टाळावाच, कारण पांढरी माशी आणि मावा पिवळ्याकडे ओढले जातात, आत टांगलेले चिकट सापळे त्यासाठीच पिवळे असतात. दुसऱ्या पॉलिहाऊसमधून थेट येत असाल तर बॅग आणि बाह्या झटकून या. फुलकिडे आणि कोळी कपड्यांवर बसून सहज प्रवास करतात.

आता दमटपणाकडे येऊ, कारण आत शिरल्यावर पहिला अडथळा तोच असतो. लेन्सवर धुकं धरतं ते लेन्स गार असते म्हणून. प्रत्येक हवेचं एक दवबिंदू तापमान असतं, आणि त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी जमतं. आत २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो. गाडीतला एसी बावीसवर ठेवून आलात तर लेन्स तीन अंशांनी गार, म्हणजे काच पांढरी होणारच. जानेवारीतल्या सकाळी फरक आणखी मोठा. बाहेर दहा-बारा अंश, पडदे लावलेल्या घरात २४ अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू वीसच्या आसपास. त्या सकाळी कॅमेऱ्याला आठ-दहा अंश चढायचे असतात, आणि मोठ्या लेन्सच्या आतल्या काचा सगळ्यात शेवटी गरम होतात.

यावर उपाय सोपा आहे, फक्त तो बाहेर असतानाच करावा लागतो. कॅमेरा लेन्ससकट झिपच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घालायचा, आतली हवा शक्य तेवढी दाबून काढायची आणि झिप पूर्ण लावायची. मग पिशवी आत न्यायची आणि सावलीत अर्धा ते पाऊण तास ठेवायची. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. पिशवीवरचं धुकं पूर्ण विरलं की कॅमेरा बाहेर काढायला हरकत नाही. धुकं धरलेली काच पुसत बसू नये. पुसली तरी क्षणात पुन्हा धरते आणि प्रत्येक वेळी कापडातला धुळीचा कण काचेवर घासतो. केस वाळवायच्या यंत्राने लेन्स गरम करणं तर फारच वाईट, त्या गरम हवेने लेन्सच्या आतलं वंगण आणि जोड यांचं नुकसान होऊ शकतं. आत असताना लेन्स बदलू नये. कोणती लेन्स लागणार हे बाहेरच ठरवावं. एकच न्यायची तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, न्यावी. रुंद कोनाची लेन्स घेतली की नळ्या, ठिबकच्या पाइपा, लोखंडी खांब आणि काळ्या पिशव्या सगळ्या चौकटीत येतात.

मे महिन्यात उलट घडतं. उन्हात उभ्या गाडीतून काढलेला कॅमेरा इतका तापलेला असतो की धुकं धरायचा प्रश्नच उरत नाही. पण तापलेल्या सेन्सरमुळे सावलीच्या भागात दाणे दिसू लागतात. त्या दिवसांत कॅमेरा थर्मासच्या पिशवीत न्यावा, बर्फ न घालता. बाहेर पडतानाही घाई नको. आतली ओली हवा कॅमेऱ्याच्या पोटात असते, आणि तिच्यासकट एकदम गार एसीत शिरलं तर ती आतल्या आत दाटते. बॅगेत सिलिका जेल टाकून, बॅग बंद ठेवून घरी यावं आणि तासाभराने उघडावी.

उजेड समजून घ्यायचा तर आधी मान वर करून छप्पर बघावं. पॉलिहाऊसचा कागद सहसा २०० मायक्रॉनचा असतो, आणि उजेड विखुरणारा दुधी कागद असेल तर भर दुपारीही आत सावल्या मऊ असतात. पारदर्शक कागदाखाली मात्र खांबांच्या आणि पट्ट्यांच्या कडक सावल्या पानांवर पडतात. जाळी टक्क्यांवर विकली जाते. ५० टक्क्यांची जाळी अर्धा उजेड अडवते, म्हणजे एक स्टॉप (उजेड निम्मा झाला की एक स्टॉप कमी), आणि ७५ टक्क्यांची दोन स्टॉप. हिशेब एवढाच, पण जाळीचा रंग हिशेबात धरावा लागतो. हिरव्या जाळीतून आलेला उजेड हिरवट असतो, त्यात चारी बाजूंच्या पानांवरून उडालेला हिरवा मिसळतो, आणि स्पॅथिफायलमचं पांढरं फूल आजारी दिसायला लागतं. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप बसवण्याची सोय, इथं फसतं, कारण चौकटीत दुसरा रंगच फारसा नसतो. झाडाच्या जागी, झाड ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच दिशेला राखाडी कार्ड धरून एक फोटो घ्यावा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या फाइलमध्ये. नंतर त्या कार्डावरून रंग बसवला की फूल पांढरं आणि पान खरं हिरवं, दोन्ही एकदम जागेवर येतात. जागा बदलली, जाळी बदलली, ढग आला की कार्ड पुन्हा.

भर घालायला एलईडी दिवा बरोबर नेण्याची सवय अनेकांना असते. हिरव्या जाळीखाली तो अडचणीचा ठरतो. दिव्याचा उजेड शुद्ध पांढरा आणि भोवतालचा हिरवट, मग पानाचा अर्धा भाग एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्याच. हे नंतर संगणकावरही नीट सुटत नाही. त्यापेक्षा ए-थ्री आकाराचा पांढरा पुठ्ठा घ्यावा. तो तिथलाच हिरवट उजेड परतवतो, त्यामुळे रंगाची दुरुस्ती सगळ्या चौकटीला सारखी लागू पडते. दुसऱ्या हातात तेवढाच काळा पुठ्ठा. पानामागे हातभर अंतरावर धरला की नळ्या आणि पिशव्या गायब होतात, आणि बाजूने धरला तर चकाकी कापतो. कुणी सोबत असेल तर हे दोन पुठ्ठे महागड्या सामानापेक्षा जास्त काम करतात.

नाशिक वीस अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर असतो. त्या दिवसांत दुपारी पानांच्या वरच्या बाजू पांढऱ्याफटक आणि देठांखाली काळोख, असा नकोसा फरक मिळतो. डिसेंबरात सूर्य माध्यान्हीलाही सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, उजेड तिरका येतो आणि पानांचा उंचसखलपणा छान दिसतो. पण डिसेंबरात पानंच चांगली नसतात, थंडीने कडा तपकिरी पडलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये टोकं करपलेली. सगळं जुळून येतं ते श्रावण-भाद्रपदात. आभाळ भरलेलं, छपरावर सारखा मऊ उजेड, हवा ओली आणि नवी पानं ताजी. वर्षातून एकदाच जमणार असेल तर त्याच दिवसांत जावं.

आता पानं.

मॉन्स्टेराची कोवळी पानं अखंड असतात, झाड वयात येतं तशी पुढच्या पानांना भोकं आणि चिरा पडत जातात. रानातल्या जमिनीवर उजेड येतो तो कवडशांनी, तोही हलता. पान भोकांमुळे तेवढ्याच पेशींमध्ये जास्त जागेवर पसरतं आणि कवडसा सापडण्याची शक्यता वाढते, असं या भोकांचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मग फोटोत काय दिसायला हवं? भोकातून खाली गेलेला उजेड. एकच पान समोरून सपाट टिपण्याऐवजी वरून तिरका कोन घ्यावा, वरच्या पानाच्या भोकांमधून उतरलेले कवडसे खालच्या पानावर पडलेले दिसतील अशी जागा शोधावी. इथं पारदर्शक कागदाचं कडक ऊन उपयोगी पडतं, दुधी कागदाखाली हा फोटो मिळतच नाही. उजेडाचं मोजमाप उजळ ठिपक्यांवरून घ्यावं, सावली गडद राहू द्यावी.

लांब टोकाच्या पानांचं काम पाणी लवकर निथळवणं. पिंपळाच्या पानाला तसंच शेपटीसारखं टोक असतं, त्यामुळे हे आपल्याला पाहून माहीत आहे. फॉगर थांबल्यानंतरची पहिली काही मिनिटं या फोटोची. कॅमेरा पानाच्या पातळीत, बाजूने, टोकावर फोकस, मागे काळा पुठ्ठा. फॉगर चालू असताना कॅमेरा झाकूनच ठेवायचा, कारण त्याचं पाणी बहुधा बोअरचं असतं आणि लेन्सवर सुकलं की क्षारांचा पांढरा डाग सोडतं. तेच डाग पानांवरही असतात, आणि मॅक्रोमध्ये ते फारच ठळक येतात. गुळगुळीत पान असेल तर मालकाला विचारून ओल्या मऊ सुती कापडाने, खालून तळहाताचा आधार देऊन, देठाकडून टोकाकडे पुसावं. पान चमकवायचे फवारे मारू नयेत. त्यांनी सगळ्या जातींची पानं एकाच प्लॅस्टिकसारखी दिसतात.

मखमली पानांना मात्र हातही लावू नये. अँथुरियम क्रिस्टलायनम किंवा फिलोडेंड्रॉन मेलॅनोक्रायसम यांच्या पानांवरचा तो मखमलीपणा लवेचा नसून वरच्या पेशी शंकूसारख्या उंचावलेल्या असतात त्याचा आहे. बोट फिरलं की तो भाग कायमचा चकचकीत दिसतो. हे पान उजेड गिळतं, त्यामुळे कॅमेरा त्याला गरजेपेक्षा उजळ करतो आणि मखमल राखाडी होते. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करावं. उजेड बाजूने किंवा किंचित मागून घ्यावा, म्हणजे शंकूंच्या माथ्यावरची बारीक झळाळी उठून दिसते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, इथं नको, तो नेमकी तीच झळाळी पुसतो.

पोलरायझर लागतो तो मेणचट, चकचकीत पानांना. रबराचं झाड, फिलोडेंड्रॉनच्या साध्या जाती, ओलं झालेलं कुठलंही पान. पानावरच्या चकाकीवर त्याचा जोर सर्वांत जास्त चालतो तो पानाच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन करून पाहिल्यावर. सरळ वरून पाहिलं तर तो जवळजवळ निरुपयोगी. दीड ते दोन स्टॉप उजेडही खातो. आणि पूर्ण फिरवून सगळी चकाकी काढून टाकायची नाही. ओल्या पानावरचा ओलेपणा आपल्याला चकाकीतूनच कळतो, ती संपूर्ण गेली की पान कागदाचं वाटतं. चकाकी निम्म्यावर आली की थांबावं.

केळीच्या पानाला उजेड मागून द्यावा. समांतर शिरा, त्यांच्यामधले फिके-गडद पट्टे, आणि मध्यभागी जाड दांडा, हे सगळं पानातून पार होणाऱ्या उजेडातच दिसतं. सर्वांत देखणं असतं ते अर्धं उलगडलेलं सुरळीचं पान. उलगडलेल्या भागातून ऊन पार होतं आणि सुरळीत एकावर एक थर असल्याने ती गडद राहते. एकाच पानात पाच-सहा हिरवे मिळतात. वारा लागायच्या आत, म्हणजे पडदे उघडायच्या आत हे टिपावं, एकदा फाटलं की गेलं.

पानाची खालची बाजू फोटोत कमी येते, याचं मला खरंच वाईट वाटतं. व्हिक्टोरिया अमेझोनिका या राक्षसी कमळाच्या पानाखाली फासळ्यांची जाळी असते, तिच्या जोरावर ते पान पाण्यावर भार पेलतं. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या बागेचा प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन याने तिथं १८४९ साली हे कमळ फुलवलं, आणि लोखंड व काचेच्या छपरांची मांडणी करताना त्या फासळ्यांपासून आपल्याला कल्पना मिळाल्याचं त्याने सांगितलं होतं. १८५१चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस त्याचाच. बंगळुरूच्या लालबागेतलं काचघर त्या क्रिस्टल पॅलेसवरून बेतलेलं आहे. पानाखाली वाकून बघणाऱ्या माणसामुळे काचघरांचा इतिहास असा वळला. कॅमेरा घेऊन आत जाणाऱ्यानेही थोडं वाकावं. नेच्याच्या पानाखाली बीजाणूंच्या रांगा असतात, बेगोनियाच्या खाली लालसर शिरांचं जाळं. कॅलॅथिया आणि मरांटा यांची खालची बाजू जांभळी असते, आणि ती टिपण्यासाठी पान वाकवावं लागत नाही. या झाडांच्या देठाच्या टोकाशी एक फुगीर सांधा असतो, पाण्याचा दाब बदलून तो संध्याकाळी पानं उभी करतो. मावळतीनंतर थोडं थांबलं की जांभळ्या बाजू आपोआप समोर येतात. उजेड तेव्हा फार कमी असतो, म्हणून स्टँड, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) ८०० आणि एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर.

अळू तर प्रत्येकाच्या परसात. पॉलिहाऊसच्या कडेला, सांडपाण्याच्या ओलीवर ते हमखास उगवलेलं असतं, आणि फोटोसाठी ते कुठल्याही परदेशी झाडाच्या तोडीचं आहे. अळवावरचं पाणी मोती होऊन पळतं कारण पानावर मेणाचा थर आणि सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्यात हवा अडकते आणि थेंब तिच्यावर टेकतो. कॅमेरा पानाच्या पातळीत आणून पाहिलं तर थेंबाखाली चांदीसारखी चकाकती पट्टी दिसते. ती पट्टी म्हणजे अडकलेली हवा. पहाटे आणखी एक गोष्ट सापडते. रात्रभर हवा दमट राहिल्याने पानातून बाष्प उडत नाही, मुळं मात्र पाणी चढवत राहतात, आणि ते पानाच्या टोकातून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. फॉगरचे थेंब पानभर विखुरलेले असतात, हा थेंब नेमका टोकाला लटकतो. ओळख तीच. तो फुगत जातो, सुटतो, आणि थोड्या वेळाने दुसरा तयार होतो, त्यामुळे घाई न करता फोकस टोकावर बांधून वाट बघता येते. एफ/८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), १/१६० सेकंद, आयएसओ उजेड मागेल तेवढा. थेंबाच्या आत मागचं दृश्य उलटं दिसतं, म्हणून मागे काय आहे याकडे लक्ष हवं. आत प्लॅस्टिकची बादली उलटी दिसली तर फोटो वाया. पडदे उघडले, वारा शिरला, की हे सगळं अर्ध्या तासात संपतं. आणि अळवाच्या कुळातलं काहीही तोडू नये. चीक हाताला लागला की कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी खाज सुटते, आणि तेच हात डोळ्याला व्ह्यूफाइंडरपाशी जातात.

अँथुरियमचं जे लाल 'फूल' आपण म्हणतो ते एक रंगीत पान असतं. खरी फुलं मधल्या दांड्यावर, शेकड्यांनी, मळसूत्री ओळींत बसलेली. प्रत्येक फूल जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. आधी स्त्री अवस्था येते. कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, ओली होते, प्रत्येक फुलाच्या मध्यावर एक चकचकीत बारीक थेंब दिसतो, आणि ही ओल साधारणपणे बुडाकडून टोकाकडे सरकत जाते. ती सुकल्यावर पुंकेसर वर येतात आणि दांडा परागांनी भुरकट होतो. एका रांगेतल्या तीन-चार कुंड्यांवर या सगळ्या अवस्था एकाच सकाळी मिळू शकतात. दांडा गुळगुळीत आहे, थेंबांचा आहे की भुरकट, हे टिपायचं असेल तर मॅक्रोचा हिशेब डोक्यात हवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर खऱ्या आकारात, म्हणजे एकास एक प्रमाणात, एफ/८ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. एफ/११ला सव्वा मिलिमीटरच्या आसपास. प्रमाण निम्मं केलं तर एफ/८लाच जवळपास तीन मिलिमीटर मिळतात. दांडा आठ-दहा मिलिमीटर जाड असतो, त्याचा आपल्याकडे वळलेला अर्धा भाग चार-पाच मिलिमीटर खोल. म्हणून निम्म्या प्रमाणात, फोकस थोडा थोडा पुढे सरकवत पाच फोटो घेऊन ते जोडले तर दांडा पूर्ण स्पष्ट येतो. एकास एक प्रमाणात आठ-दहा फोटो लागतात. एफ/२२ लावून एकाच फोटोत भागवायचा मोह आवरावा. त्या छिद्रात विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच मऊ होतं, आणि एवढ्या जवळून लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात आकड्यापेक्षाही दोन स्टॉप लहान वागत असतं.

लाल पानाचा रंग जळतो तो वेगळ्या कारणाने. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि पानावरच्या शिरा नाहीशा होतात. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दाखवणारी सोय सुरू ठेवावी आणि लाल सुटा होईपर्यंत एक्स्पोजर कमी करावं, सहसा दोन तृतीयांश ते एक स्टॉप.

जोडायच्या फोटोंना झाड हलून चालत नाही. पंखे आणि ओले पॅड असलेल्या घरात पंखे थर्मोस्टॅटवर चालतात, सुरू-बंद होण्याची लय असते. एकदोन फेऱ्या नुसत्या बघाव्यात, मग बंदच्या वेळात काम उरकावं. साध्या पडद्यांच्या घरात सकाळी आठच्या आधी हवा थांबलेली असते. स्टँडचे पाय वाफ्यात रोवू नयेत, गादीवाफ्याखाली ठिबकच्या नळ्या असतात. दोन वाफ्यांमधली वाट फुटा-दीड फुटाची, तिथं मोठा स्टँड उघडतच नाही. तांदळाने भरलेली कापडी पिशवी उलट्या क्रेटवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला तर तो स्टँडइतकाच पक्का बसतो. पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी, ओल लागली तर तांदूळ फुगतात.

मोबाइलनेही चांगलं काम होतं. फक्त त्याचा मॅक्रो मोड बहुधा रुंद कोनाच्या लेन्सवर चालतो, फोन पानाला जवळजवळ टेकतो आणि स्वतःचीच सावली पाडतो. दोन किंवा तीनपट झूम करून हातभर मागे राहावं.

काचेच्या पेटीत ठेवलेली झाडं, घटपर्णीच्या रोपांसाठी बऱ्याच ठिकाणी अशा पेट्या असतात, टिपायची तर रबरी हूड काचेला टेकवून धरावा. हूड टेकलेला असताना प्रतिबिंब येत नाही. तिरका कोन घ्यायचा असेल तर काळं कापड मध्ये छिद्र पाडून लेन्सवर चढवावं.

घरी आल्यावर कॅमेऱ्याची काळजी जून ते सप्टेंबर सर्वांत महत्त्वाची. लेन्समध्ये बुरशी एकदा धरली की ती काचेवरचा लेप खाते, साफ केली तरी खुणा राहतात. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरे. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवावा. जेल नारिंगी असेल तर ओल शोषून हिरवं होतं, निळं असेल तर गुलाबी. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, म्हणून ते मुलांपासून आणि स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर. नारिंगी जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं.

शेवटी नावांबद्दल, कारण इथं चुका सर्वांत जास्त होतात. रोपवाटिकेतल्या पाटीवरचं नाव बाजारातलं असतं. 'मिनी मॉन्स्टेरा' म्हणून विकली जाणारी वेल मुळात मॉन्स्टेरा नाहीच, ती थायलंड-मलेशियाकडची ऱ्हॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा आहे. खरा मॉन्स्टेरा अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातला. म्हणून प्रत्येक झाडाचा सुंदर फोटो झाला की आणखी चार साधे फोटो घ्यावेत: पाटीचा, खोडावरच्या पेराचा, देठ पानाला जिथं मिळतो त्या जागेचा, आणि पानाच्या खालच्या बाजूचा. शेवटच्या दोन फोटोंत शेजारी छोटी पट्टी धरावी. पुढे कधी नाव तपासायची वेळ आली तर जाणकार माणूस आधी हेच चार फोटो मागतो.